जुनी पिकअप घेताय? आधी मागच्या पाट्यांखाली वाका

किनारपट्टीवर जुनी पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते: यातून आधी काय वाहिलं जायचं? किती किलोमीटर पळाली, इन्शुरन्स आहे का, टायर कसे, हे सगळं लोक बघतात. हे कोणी विचारत नाही. आमच्या गाडीतून मासळी जायची. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं मागच्या पाट्यांवर, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, गळलेलं. वरून रंग मात्र नवाकोरा.

आंब्याच्या हंगामात मी देवगडहून फोंडाघाट चढून कोल्हापूरला पेट्या नेते. भरलेली गाडी जाताना थोडी तिरकी ओढायची, इतकंच. खरा त्रास परतीला, हौदा रिकामा असताना. दाजीपूर सोडून घाट उतरताना वळणात खड्डा आला तर मागची चाकं उडून बाहेरच्या अंगाला पडायची. खाली सरळ रस्त्यावर साठच्या पुढे गेलं की मागचा भाग झुलायला लागे, आणि बाजूने एसटी गेली की स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरावं लागे. सासूबाई शेजारी असल्या तर नांदगाव येईपर्यंत एक शब्द बोलत नसत.

स्टिअरिंग ओढतंय म्हटलं की गॅरेजवाले पुढेच बघतात. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे, बदलले. झुलणं तसंच. मग जामसंड्याच्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी सपाटीवर उभी केली, पुढची चाकं सरळ केली आणि टेप काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे अर्धा इंच कमी भरलं. "वैनीनू, फुडे काय एक नाय. मागचो एक्सल सरकलो हा."

मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, पाट्यांच्या जुडग्याला जोडलेला असतो. पाट्यांच्या मधून आरपार जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं त्याची जागा ठरवतं, पण सगळं घट्ट आवळून धरतात ते यू-बोल्ट, इंग्रजी U च्या आकाराचे. ते गंजून सैल झाले की ब्रेकचा आणि इंजिनचा सगळा जोर त्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतो. आमचा तुटला होता. एका बाजूने एक्सल सरकला की मागची चाकं गाडीच्या रेषेत राहत नाहीत, स्वतःच गाडी वळवायला बघतात. पुढे कितीही अलाइनमेंट करा, काय उपयोग? त्यात शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे, बुश झिजलेले आणि झटके जिरवणारे दोन्ही शॉकअप तेल सोडलेले.

आणि जादा पाटा! जास्त माल बसावा म्हणून आधीच्या मालकाने तो घातलेला. याचा मला मनापासून राग आहे. जादा पाट्याने एक्सल, ब्रेक, टायर यांची ताकद वाढत नाही, पण रिकामी गाडी दगडासारखी कडक होते आणि शॉकअप गेलेले असले तर खड्ड्यावर टायर रस्ता सोडतो. आम्ही तो काढून टाकला. यू-बोल्ट नवेच घातले. जुने पुन्हा आवळून वापरू नयेत. नवेही थोडे दिवस गाडी चालली की पुन्हा आवळावे लागतात, पाटे बसतात म्हणून. शॉकअप जोडीनेच बदलले.

गाडी बघायला जाल तेव्हा टेप सोबत न्या. मागचा कोपरा दाबून सोडा. वर येऊन थांबायला हवा, डुलत राहिला तर शॉकअप गेलेत. पाण्याच्या डबक्यातून सरळ चालवून ओल्या चाकांच्या खुणा बघा. मागच्या खुणा पुढच्यांच्या मानाने एका अंगाला पडल्या असतील, तर मालकाने कितीही शपथा घेऊ देत, एक्सल तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. बंदरावरची गाडी असेल तर यू-बोल्टवर हातोडी मारून बघा, गंजाचे पापुद्रे सुटतात का.

घाट आता निवांत उतरते. पावसाळ्याआधी हौद्याला खाली पन्हळ लावून घेणार आहे, पाणी पाट्यांवर न पडता मागे जाईल अशी.