घुमटाखाली कचेरी

लोकलमधून उतरलेला माणूस थेट भुयारी मार्गाकडे वळतो, त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून रोज ये-जा करणाऱ्यांना ही इमारत समोरून फारशी दिसत नाही. परवा कुठलीही गाडी पकडायची नसताना मुद्दाम तिथे गेलो आणि महापालिकेच्या बाजूने, रस्त्यापलीकडून, सावकाश पाहायला सुरुवात केली.

सर्वांत आधी नजर जाते ती अष्टकोनी घुमटावर आणि त्याच्या माथ्यावरील ‘प्रगती’च्या पुतळ्यावर. हा घुमट फलाटांवर नाही आणि तिकीटघरावरही नाही. तो आहे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य कचेरीच्या जिन्यावर. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षांत कंपनीने स्वतःसाठी जे उभारले, ते स्थानकापेक्षा राजवाड्याच्या जवळ जाणारे होते. ज्या बोरीबंदरहून १८५३ मध्ये ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, तिथेच हा सारा थाट उभा राहिला. आजही या भागात मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, म्हणजे जिन्याच्या भिंतीत रोवलेल्या, आधाराविना पुढे आलेल्या पायऱ्या चढणे हे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्याच नशिबी.

प्रवाशाच्या वाट्याला आलेले वैभव म्हणजे तिकीटघराचे दालन. इटालियन संगमरवर आणि भारतीय निळसर दगड यांचे खांब, त्यांवरील कमानी आणि उंच छत. पण रांगेतला माणूस वर पाहील तर त्याचा नंबर जाईल! दगडी कोरीवकामात जे.जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि मला सर्वाधिक रमवले ते या झाडापाना-प्राण्यांनीच. प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ ब्रिटन व हिंदुस्थान यांची प्रतीके म्हणून बसवले आहेत. मला मात्र दर्शनी भागातील नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांची शिल्पे अधिक बोलकी वाटली, कारण मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत हे दोघेही होते.

२००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे स्थानक उभे राहिल्यानंतर काही वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्टीव्हन्स यांनीच दुसऱ्या रेल्वे कंपनीसाठी चर्चगेटला मुख्यालय बांधले. तिथे कचेरी एकीकडे आणि स्थानक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, ही वाटणी मला अधिक प्रामाणिक वाटते.