रबर कारखान्यातली आरोग्य तपासणी आणि फॉर्मवरचा तो एक रकाना

वजन, रक्तदाब, रक्त, छातीचा एक्स-रे हे सगळं एका दिवसात उरकतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मला अडकवलं ते फॉर्मवरच्या एका रकान्याने: 'गेल्या 12 महिन्यांत रसायनांचा संपर्क : होय / नाही. असल्यास कोणते?' पुढे जेमतेम दोन बोटं जागा. भरलेले फॉर्म परत आले तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द होता, 'रबर'.

रबर हे उत्तरच नव्हे. मिक्सिंगवर कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) आणि भुकट्यांची धूळ असते, क्युरिंग प्रेस (रबर तापवून पक्कं करणारं यंत्र) उघडताना गरम धूर अंगावर येतो आणि सोल्युशन लावणाऱ्याच्या नाकात दिवसभर सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) जातं. इजा वेगळी, तर चाचणीही वेगळी हवी. 'रबर' एवढंच वाचल्यावर डॉक्टर तिघांनाही सारख्याच चाचण्या लिहून देतात, आणि 'सर्व नॉर्मल' असा शेरा मारून फाइल बंद होते.

नावं मिळवायला गेलो तर पोत्यांवर नुसते कोड. कोडच्या मागे व्यापारी नाव, त्याच्या मागे खरं रसायन. इथे वाद घालण्यात वेळ घालवू नका, थेट कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरावीक ओळख क्रमांक) मागा. तो पुरवठादाराच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या तिसऱ्या भागात असतो. बहुतेक वेळा हातात पडतं ते फक्त पहिलं पान, म्हणून 'तिसरा भाग' असं लेखी मागितलेलं बरं. 137-26-8 दिसला तर टीएमटीडी, 149-30-4 म्हणजे एमबीटी, 101-72-4 म्हणजे आयपीपीडी, 110-54-3 म्हणजे हेक्झेन हे सॉल्व्हंट.

या क्रमांकांवरून चाचण्या ठरतात. टीएमटीडी आणि एमबीटी हे अॅक्सलरेटर (रबर लवकर पक्कं करणारी रसायनं), तर आयपीपीडी काळं रबर तडकू नये म्हणून घालतात. तिन्हींमुळे हातांवर अॅलर्जीचा इसब उठू शकतो. मलम लावून तो दबतो आणि कामावर परतलं की पुन्हा येतो. खात्री करायला पॅच टेस्ट लागते, म्हणजे संशयित रसायनाच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून बघायच्या. पाठीवरच्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि दुसऱ्यांदा 72 ते 96 तासांच्या दरम्यान बघतात. दुसरं वाचन टाळलं तर उशिरा उठणारी अॅलर्जी निसटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येणारं काम करायचं नाही, म्हणजे रजा आधीच ठरवून ठेवा. आणि हात फुटले म्हणून रबरी हातमोजे देणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण त्यांतही बहुधा हेच अॅक्सलरेटर असतात. नायट्राइलचे घेतानासुद्धा 'अॅक्सलरेटरविरहित' लिहिलंय का ते बघा.

टीएमटीडी हाताळणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: दारू घेतल्यावर चेहरा लालबुंद होतो का, छाती धडधडते का? दारू सोडवण्याच्या डायसल्फिरम या गोळीचाच हा सख्खा भाऊ. कामगार हे आपणहून सांगत नाही, आणि फॉर्ममध्ये तर हा प्रश्न नसतोच.

काही गोष्टी कोणत्याच माहितीपत्रकात सापडत नाहीत, कारण त्या पोत्यातून येत नाहीत, क्युरिंगच्या उष्णतेत तयार होतात. नायट्रोसामाइन (कर्करोगाशी जोडलेली रसायनं) हे त्याचं ठळक उदाहरण. दुय्यम अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगांपासून बनलेले अॅक्सलरेटर (टीएमटीडी त्यांतलाच) तापले आणि नायट्रोजनची ऑक्साइडं भेटली की ती तयार होतात. त्यामुळे रसायनांच्या यादीत 'क्युरिंगचा धूर' ही ओळ हाताने घालावी लागते. ती खोडू पाहणारा कोणी ना कोणी भेटतोच. खोडू देऊ नका.

त्याच रकान्यातली दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे 'गेल्या 12 महिन्यांत' ही अट. मूत्राशयाचा कर्करोग संपर्कानंतर वीसेक वर्षांनीही उगवतो. बीटा-नॅफ्थिलअमाइन या कर्करोगकारक रसायनाची भेसळ असलेले अँटिऑक्सिडंट (रबर टिकावं म्हणून घालायची द्रव्यं) ब्रिटनमध्ये 1949 मध्ये मागे घेतले, तरी त्यांच्या संपर्कात आलेल्यांमध्ये रोग पुढे कित्येक वर्षं सापडत राहिला. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) रबर उत्पादन उद्योगातल्या कामालाच गट 1 मध्ये, म्हणजे कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणून मी ती अट खोडून 'पहिल्या नोकरीपासून आजवर, विभागवार' असं लिहून घेतलं. लघवीत रक्त दिसलं आणि दुखत नसलं तर ते जास्त गांभीर्याने घ्या, हे निवृत्तांनाही सांगा.

बाकीचं आठवेल तसं. फुफ्फुसाच्या चाचणीत तीन चांगल्या फुंकी हव्यात, आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्या दोन 150 मिलिलिटरच्या आत जुळायला हव्यात. खोकला आला किंवा माणूस मध्येच थांबला की एफव्हीसी (जोराने पूर्ण सोडलेल्या श्वासातली हवा) खोटी कमी दिसते आणि अहवालावर 'फुफ्फुस आकुंचित' असं छापून येतं. आलेख स्वतः बघा, नुसता शेरा वाचू नका. धुळीचा परिणाम पकडायचा असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर, अशी दोनदा चाचणी घ्या.

हवेच्या मोजणीचा पंप कामगाराच्या कॉलरपाशी, नाकापासून 30 सेंटिमीटरच्या आत लावतात. मिनिटाला 2 लिटर, 8 तास, म्हणजे 0.96 घनमीटर हवा. ब्रिटनची मर्यादा रबर प्रक्रियेच्या धुळीला घनमीटरमागे 6 मिलिग्रॅम आणि धुराला 0.6. पंप भिंतीला टांगून काढलेला आकडा माणसाचा नसतो, भिंतीचा असतो.

हेक्झेनवाल्यांना पायाची बोटं बधिर होतात का ते विचारा, सुरुवात तिथून होते. बेंझिनसाठी (हेही सॉल्व्हंट) लघवीत म्युकोनिक आम्ल मोजतात, पण सॉर्बिक आम्ल घातलेल्या टिकाऊ खाद्यपदार्थांनीही ते वाढतं. एस-फिनाइल मरकॅप्ट्युरिक आम्ल मागितलं तर हा घोळ टळतो. दोन्हींसाठी नमुना पाळी संपतानाच घ्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. बाटली हातात घेण्याआधी हात साबणाने धुवायचे आणि कामाचे कपडे बदलायचे.