आठव्या ओळीतलं ६१७४

मागच्या आठवड्यात चौथीच्या वह्या तपासताना एका वहीवर हात थांबला. शेवटचं उत्तर बरोबर होतं, ६१७४. पण त्याच्या वर चढत गेलेल्या वजाबाक्या मोजल्या तर आठ भरल्या. सातच्या वर त्या जायलाच नको होत्या.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, नाशिक जिल्ह्यातली. हातच्याच्या वजाबाकीला मुलं कंटाळतात, म्हणून तीन वर्षांपासून मी त्यांना हा खेळ देते. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यांच्याखाली तेच अंक चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उत्तर ९९९ आलं तर डावीकडे शून्य लिहून ०९९९ धरायचं, ते शून्य गाळलं तर पुढे सगळं बिघडतं. असं करत गेलं की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं. आणि एकदा आलं की हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात.

पुस्तकातली पाच उदाहरणं सोडवायला कुरकुरणारी मुलं इथे सात वजाबाक्या एका दमात करतात. संख्या ज्याची त्याने आणायची. कुणी बापाच्या मोटारसायकलचा नंबर आणतं, कुणी ट्रॅक्टरचा. मुलं त्याला 'सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर' म्हणतच नाहीत, 'एकसष्ट चौऱ्याहत्तर आलं बाई!' असं ओरडतात.

या मुलीने घरच्या टेम्पोचा नंबर घेतला होता, ४५२७. पहिली ओळ ७५४२ वजा २४५७, उत्तर ५०८५. बरोबर. दुसरी ओळ ८५५० वजा ०५५८. इथे एककाच्या घरात शून्यातून आठ जात नाहीत. दशकाकडून उसना घ्यावा तर पाचाचे चार होतात आणि त्यातून पाच जात नाहीत, म्हणून दशकाला शतकाकडे हात पसरावा लागतो, आणि शतकाला हजाराकडे. एका ओळीत तीन उसने. खरं उत्तर ७९९२. तिने काय केलं, शून्यातून आठ जात नाहीत म्हणून आठातून शून्य घालवलं. राहिले आठ. मग पाचातून पाच गेले शून्य, पुन्हा पाचातून पाच शून्य, आणि हजाराचे आठ तसेच खाली. उत्तर ८००८.

वजाबाकी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही चूक शेकडो वेळा पाहिली असेल. मोठ्यातून लहान काढायचं, मग तो अंक वर असो की खाली.

पुढच्या सगळ्या ओळी मात्र तिने अचूक केल्या होत्या. ८८०० मधून ००८८ गेले, ८७१२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि आठव्या ओळीत ६१७४.

मी तो कागद बराच वेळ समोर ठेवून बसले होते. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले होते की ६१७४ आलं म्हणजे तुमचं बरोबर, बाईंची खूण लागत नाही. आणि ते खोटं होतं. ६१७४ ला तुमची चूक कळतच नाही. मध्येच चुकून दुसरी एखादी चार अंकी संख्या आली, तर तिच्यासाठी तो नव्याने सुरू झालेला खेळ असतो आणि तीही जास्तीत जास्त सात पावलांत तिथेच पोचते. तिच्या दोन ओळी आधीच होऊन गेल्या होत्या आणि ८००८ ला तिथून सहा लागल्या, म्हणून एकूण आठ झाल्या आणि माझ्या लक्षात आलं. ती चूक सहा-सात ओळींत बसली असती तर मी बरोबरची खूण करून वही मिटली असती. अशा किती वह्या मिटल्या असतील!

मग चूक पकडायची कशी? त्याच रात्री प्रत्येक ओळीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करून पाहिली. ५०८५ ची अठरा. ८७१२ ची अठरा. ७४४३ ची अठरा, ३९९६ ची सत्तावीस, ६२६४ ची, ४१७६ ची आणि ६१७४ ची पुन्हा अठरा. सगळे नवाच्या पाढ्यातले. आणि ८००८ ची सोळा. आठ ओळींत चुकलेली तेवढी एक ओळ वेगळी उभी होती.

याचं कारण चौथीच्या मुलालाही समजेल इतकं सोपं आहे. वरची आणि खालची संख्या त्याच चार अंकांची. दोन्हींच्या अंकांची बेरीज एकच, म्हणून नवाने भागल्यावर दोन्हींची बाकी एकच, आणि वजाबाकीत ती बाकी उडून जाते. अंकांची जागा चुकली, ५०८५ ऐवजी ५०५८ लिहिलं, तर ही युक्ती फसते. पण त्यासाठी दुसरी खूण आहे. मांडलेल्या चार अंकांत मधले दोन वेगळे असतील तर उत्तराच्या दोन्ही टोकांच्या अंकांची बेरीज नेहमी दहा येते आणि मधल्या दोघांची आठ. ६१७४ मध्येच बघा, सहा आणि चार दहा, एक आणि सात आठ. ५०५८ मध्ये टोकांची बेरीज तेरा होते, लगेच सापडतं.

थोडं बीजगणित केलं की आणखी एक गोष्ट दिसते. पहिली वजाबाकी म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातल्या फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतल्या फरकाची ९० पट. हे दोन फरक मिळून ५४ तऱ्हांनीच येऊ शकतात. म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतची सगळी गर्दी पहिल्याच पावलाला ५४ संख्यांत मावते. थेट एका पावलात ६१७४ वर येणाऱ्या संख्या, ६१७४ स्वतः धरून, ३८४ आहेत. फरक सहा आणि दोन आला की झालं. या मी हाताने मोजल्या, एक आख्खा रविवार गेला.

चार अंकांचं हे असं. तीन अंकी संख्या सगळ्या ४९५ वर थांबतात, ते मी तिसरीला देते. दोन अंकांना मात्र चकवा लागतो. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि फिरून ९. पाच अंकांनाही घर नाही. ५३९५५ वरून ५९९९४, तिथून परत ५३९५५.

६१७४ चा हा खेळ शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तरच होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसन. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शिकवलं. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पुढच्या पदव्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ मानलं. १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि अभिमानही तेवढाच वाटतो. बत्तीस वर्षं मुलांना शिकवून हे केलं त्यांनी.

माझी बहीण डोंबिवलीला राहते. नाशिकरोडला गाडीत बसलं की दहा मिनिटांत देवळाली येतं, आणि कल्याणला लोकल बदलून उतरायचं ते डोंबिवली. कापरेकरांच्या 'डेम्लो' संख्या, म्हणजे १२१, १२३२१ यांसारख्या, त्यांना याच स्टेशनावर सुचल्या आणि नावही स्टेशनाच्या तेव्हाच्या 'डेम्लो' या नावावरून पडलं. आणखी पुढे गेलं की त्यांच्या शाळेचं ठाणं. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटलं, आनंद देणारी. ६१७४ हर्षदही आहे. अठराने भागा, ३४३ येतात, म्हणजे साताचा घन. आणि १८, १८ चा वर्ग, १८ चा घन यांची बेरीज करा, १८ अधिक ३२४ अधिक ५८३२. पुन्हा तीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितलं की बाईंनी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली होती. फळ्यावर त्या आठ ओळी लिहिल्या, नाव न घेता. बेरजा मुलांनीच केल्या. ८००८ ला सोळा आल्यावर वर्ग गप्प झाला आणि मागच्या बाकावरून ती स्वतःच म्हणाली, "बाई, तो आमचा टेम्पो आहे."

तिने खोडरबर काढलं होतं. मी म्हटलं, खोडू नकोस, शेजारी परत कर. मग तिने उजवीकडे नवी रांग मांडली. ५०८५, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. सात. डावीकडच्या ८००८ भोवती पेन्सिलने गोल केला आणि बाजूला १६ लिहिलं. दोन्ही रांगांच्या तळाशी संख्या तीच, फक्त डावीकडची एक ओळ खाली.