बॉल

मे महिन्यात दुपारी तीनला नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि मागच्या अंगणातल्या टाक्याशी उकिडवा बसतो. टाकं दोन मीटर बाय दीड. त्यात एक कमळ, आणि डासांसाठी सोडलेले गप्पी, जे आता मोजता येत नाहीत. बघण्यासारखं काहीच नसतं, कारण पाणी जिथल्या तिथे असतं. त्यासाठीच तर बॉल बसवलाय.

कुलरमध्ये असतो तोच. पाणी उतरलं की बॉल खाली येतो, दांडी झुकते, तोटी उघडते. पाणी चढलं की बंद. ना वीज, ना बटण. पाणी थोडं थोडं येतं, त्यामुळे नळाच्या क्लोरीनचा गप्पींना त्रास नाही. बसवणारा म्हणाला होता, "काकाजी, आता पाहाचं कामच नाही. लावलं न् विसरलं."

मला विसरता येत नाही. महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरी बॉल मीच होतो.

लोखंडी कुलर, वाळ्याच्या ताट्या, आणि टाकी भरेपर्यंत पाइप धरून बसवलेलं एक पोरगं. आधी पत्र्यावर तडतड, मग आवाज जाड व्हायचा, मग पाइपचं तोंड बुडायचं आणि सगळं चूप. त्यानंतर बोट बुडवून पाहायचं, दोन पेरं राहिली की ओरडायचं. एकदा चांदोबात डोकं घातलं आणि आवाज कधी थांबला ते कळलंच नाही. पाणी ओसरीभर झालं. आजी दारातून म्हणाली, "काहून रे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला का?" आजोबांची गादी खालून भिजली होती. ते उठले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, आज झोप बरी लागली.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. नवतपा सुरू झालेला. त्या दिवसांत उघडं पाणी रोज सेंटीमीटरभर तरी उडतं. आमच्या टाक्यातून म्हणजे 30 लिटर, दोन बादल्या. तेवढं बॉल भरून काढणार, हे धरलेलंच होतं. पण टाक्यामागची कर्दळ भलतीच माजली होती. अंगणातली तुळस मान टाकून बसलेली, आणि ही हिरवीगार, लाल तुरे काढून उभी. मी आठ दिवस तिचं कौतुक केलं. कौतुकाच्या भरात शेजाऱ्यांना कंदसुद्धा वाटले.

मग पाण्याचं बिल आलं.

तोटी बंद केली. टाक्यातल्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, आणि दोन्हीकडे पाण्याच्या काठाला खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी बादलीतलं पाणी बोटभर उतरलेलं, टाक्यातलं चार बोटं. एक बोट उन्हाचं, उरलेली तीन कर्दळीची. तळाच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग निघाली. तोतलाडोह धरणातून निघून गोरेवाड्यात शुद्ध होऊन आलेलं पाणी माझी कर्दळ पीत होती, आणि बॉल बिचारा दिवसरात्र पाजत होता. बादलीने भरत असतो तर दुसऱ्याच दिवशी कंबरेने सांगितलं असतं.

भेग बुजवली. कर्दळ आता इतर झाडांसारखीच दिसते. जरा वाईटही वाटतं. तेव्हापासून दर रविवारी मी तोटी बंद करतो, विटेच्या तुकड्याने काठावर रेघ ओढतो आणि सोमवारी बोटाने मोजतो.

"मग बॉल लावला कशाले?" बायको खिडकीतून विचारते.

मी काही बोलत नाही. बॉलवर बोट ठेवून तो जरासा दाबतो. सूं करत धार सुटते. कमळाखालून गप्पी धावत येतात आणि धारेशी दाटी करतात. बोट काढून घेतो.