गच्चीवरची टाकीसुद्धा मोजतात!

आज आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. बिल्डरच्या जुन्या ब्रोशरवर छान उंच टॉवर होता. आज आर्किटेक्टने तोच नकाशा उघडला आणि वरच्या मजल्यांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली. म्हणाले, "याच्या वर विमानतळ प्राधिकरणाची एनओसी मिळत नाही. आपण फनेलमध्ये आहोत, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात."

मला वाटायचं, उंची म्हणजे जमिनीपासून. पण नाही! ती धरतात समुद्रसपाटीपासून. म्हणजे आपला प्लॉट जेवढा उंचावर, तेवढे मीटर आधीच गेले. वर पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, अँटेना, अगदी वीजरोधकाची दांडीसुद्धा त्याच मापात. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) कागदावर भरपूर, तो टाकायचा कुठे?

तिकडे वरळी-परळला खूप उंच टॉवरची फाइल महापालिकेच्या हायराइज कमिटीपुढे जाते म्हणे. आम्हाला ती चिंताच नाही, आमचं भांडण एकेका मजल्याचं.

तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, "मग टाकी खाली ठेवली तर एक मजला वाढेल का हो?" सगळे हसले. आर्किटेक्ट मात्र हसले नाहीत, त्यांनी वहीत टिपून घेतलं. (काकूंना कमिटीत घ्यायला हवं!)

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि सवयीप्रमाणे सगळे अर्ध्या वाक्यात थांबलो. ते गेल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "हं, तर आपण कुठे होतो?"

पुढची मीटिंग रविवारी. चहा आमच्याकडे.