मॉडेल दूध नाही, किट ओळखत होतं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आईच्या दुधाचे नमुने होते. काही अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणींचे, काही पूर्ण दिवसांच्या. दुधातल्या जिवाणूंवरून मशीन लर्निंगला हे दोन गट ओळखता येतात का, एवढाच प्रश्न. तयार रसायनांच्या किटने डीएनए काढला, १६एस जनुकाचं (ज्यावरून जिवाणू ओळखतात) सिक्वेन्सिंग करून घेतलं, म्हणजे त्यातली अक्षरं वाचून घेतली, जिवाणूंच्या सिल्व्हा डेटाबेसशी ताडून नावं लावली आणि रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल चालवलं. मॉडेल जवळजवळ चुकेचना!

धावतच माझ्या गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी अचूकतेचा आकडा पाहिलाच नाही. "कोणत्या जिवाणूंवरून ओळखतंय ते दाखव." यादीत सर्वात वर ब्रॅडिरायझोबियम आणि रालस्टोनिया हे जिवाणू. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करतो तो ब्रॅडिरायझोबियम. आईच्या दुधात तो कुठून येणार?

वही उघडली. अपुऱ्या दिवसांचे सगळे नमुने जूनमध्ये केले होते, पूर्ण दिवसांचे ऑगस्टमध्ये. किटचा लॉट नंबर वेगळा. जूनच्या बॅचमध्ये एक ब्लँक होता, दुधाऐवजी नुसतं निर्जंतुक पाणी घातलेली नळी. सिक्वेन्सिंगचे पैसे वाचवायला ती मी बाजूला ठेवली होती. आता पाठवली, तर हे दोघेही तिच्यात हजर. म्हणजे ते दुधातले नव्हते, किटमधले होते.

२०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी साल्मोनेला बाँगोरीचं शुद्ध कल्चर टप्प्याटप्प्याने पातळ करून हेच दाखवलं होतं. मूळ जिवाणू जितका कमी, तितका किटमधल्या डीएनएचा वाटा जास्त. दुधात जिवाणू मुळात कमीच असतात. तो पेपर मी वाचलेला होता, तरीही.

त्या रात्री झोप लागली नाही. काचेपलीकडे बाळ ठेवून पंपाने थेंब थेंब काढलेल्या दुधातलं दोन मिली त्या आयांनी मला दिलं होतं. नशिबाने प्रत्येकीची निम्मी नळी उणे ८०च्या फ्रीजरमध्ये राखलेली होती.

सगळं पुन्हा केलं. नळ्यांना नुसते क्रमांक, दोन्ही गट प्रत्येक बॅचमध्ये मिसळलेले, प्रत्येक बॅचला ब्लँक. एकाच आईचे दोन नमुने असतील तर दोन्ही मॉडेलला शिकवण्यात किंवा दोन्ही त्याच्या चाचणीत. ब्लँकमध्ये दिसणारे जिवाणू डीकंटॅम या सॉफ्टवेअरने गाळले. चार महिने गेले.

अचूकता घसरली, अंदाजाने सांगण्यापेक्षा थोडीच बरी. पण यादीत वर आता स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस होते, दुधात नेहमी सापडणारे. मॅडमनी प्रबंधात हाच आलेख घालायला सांगितला, आणि शेजारी जूनचाही.