मकरवृत्तावरून बोट फिरवताना

माझ्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर मकरवृत्ताची रेषा पुसट झाली आहे. गेली कित्येक वर्षं माझं बोट त्याच रेषेवरून फिरतंय. शाळेत सागरी प्रवाहांची यादी पाठ केली होती, हा उष्ण, तो शीत. मार्क मिळाले, पण यादी तशी का, हे या एका रेषेनं शिकवलं.

अक्षांश सगळीकडे एकच, २३.४ अंश दक्षिण. सूर्य सगळ्यांना सारखा मिळतो. विषुववृत्तावर वर गेलेली हवा याच पट्ट्याच्या आसपास खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरतात. या हिशोबानं सगळी रेषाच कोरडी हवी.

बोट चिलीच्या किनाऱ्यावर, आंतोफागास्ताजवळ ठेवा. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पाऊस. तेच बोट खंड ओलांडून ब्राझीलच्या किनाऱ्यावर आणलं की उबातुबा लागतं. तिथे २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि समुद्रापर्यंत उतरलेलं दाट जंगल! अटलांटिक ओलांडा, नामिबियात पुन्हा वाळवंट. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला मोझांबिकमध्ये पोचलं की पुन्हा उबदार पाणी, पुन्हा पाऊस. खंडाची पश्चिम बाजू कोरडी आणि पूर्व बाजू ओली, दोनदा तेच.

पूर्वेचं कोडं लवकर सुटतं. व्यापारी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि विषुववृत्ताकडून येणारा उष्ण प्रवाह त्यांना ते भरपूर पुरवतो.

पश्चिमेकडे मात्र मी कायम रेंगाळतो. तिथे वारा दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात वरचं पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालून गार पाणी वर येतं. त्यावरची हवाही गारठते, जड होते, वर चढतच नाही. धुकं दाटतं, पाऊस पडत नाही. नामिबच्या वाळूत काही भुंगेरे पहाटे डोकं खाली करून उभे राहतात. पाठीवर जमलेलं धुक्याचं पाणी ओघळत तोंडात येतं. आणि त्याच गार पाण्यानं खालून पोषकद्रव्यं आणल्यामुळे समुद्र माशांनी भरलेला! जमिनीवर काही उगवत नाही आणि दोन पावलांवर जगातलं एक समृद्ध मत्स्यक्षेत्र, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

दक्षिण अमेरिकेजवळच्या या गार पाण्याचं तापमान जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टनं १८०२ मध्ये मोजलं. प्रवाहाला त्याचं नाव चिकटलं, ते त्याला स्वतःला मान्य नव्हतं. तिथल्या कोळ्यांना तो आधीपासून ठाऊक होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

युरोपाबद्दल थोडंसंच. तिथल्या सौम्य हिवाळ्याचं सगळं श्रेय अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाला देण्याची सवय आहे. पण उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून वाहणारे पश्चिमी वारे हेही तितकंच मोठं कारण आहे. फ्रान्सचं मार्सेय आणि रशियाच्या पूर्व टोकाचं व्लादिवोस्तोक, दोन्ही ४३ अंश उत्तरेला, दोन्ही समुद्रकाठी. व्लादिवोस्तोकला हिवाळ्यात सायबेरियाचं वारं झोडपतं, समुद्र गोठतो.

परत मकरवृत्तावर. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा आला की नियमानं गार पाणी हवं, पण तिथे निंगालूची प्रवाळभित्ती आहे. प्रशांत महासागरातलं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात शिरतं, तिथली पातळी किंचित उंचावते आणि पाणी समोरच्या वाऱ्याला न जुमानता किनाऱ्यानं दक्षिणेकडे वाहतं. हा ल्यूविन प्रवाह. म्हणून तिथे प्रवाळ आहे, पण पेरू देशाच्या किनाऱ्यासारखी मासळी नाही. जमीन मात्र तरीही कोरडीच, कारण वरून उतरणारी हवा तीच. अक्षांशाचा वाटा किती आणि प्रवाहाचा किती, हे मला इथेच वेगवेगळं दिसलं.

२०११ च्या सुरुवातीला ला निनाच्या, म्हणजे प्रशांत महासागरातले व्यापारी वारे नेहमीपेक्षा जोरात वाहतात त्या काळात हा प्रवाह नेहमीपेक्षा जोरात वाहिला आणि समुद्र कित्येक आठवडे तापलेला राहिला. निंगालूच्या दक्षिणेला, गार पाण्यावर जगणारी केल्प शैवालांची जंगलं किनाऱ्याच्या सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यातून नाहीशी झाली. माझं बोट आता तिथेही थांबतं.